तात्यांच्या खिशातला भंडारा

तुमच्या दारात खाकी कपड्यातला माणूस येऊन उभा राहिला, तर तुम्ही त्याला आधी पाणी विचारता, की आधी घरातल्या तरण्या पोराला मागच्या अंगानं बाहेर काढता?

खरं सांगा. मला राग येणार नाही. मी त्या खाकी कपड्यातल्या माणसाची मुलगी आहे, आणि आज माझ्या दारात तसा कुणी आला तर मी काय करीन ते मला ठाऊक आहे.

माझे वडील पोलिसात जमादार होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांची चौकी इंदापूरच्या अंगाला, कालव्याच्या शेपटाकडच्या गावांत होती. बारामतीची बागायत पोटभर प्यायली आणि काही उरलं, तर ते पाणी आमच्याकडं यायचं. त्यामुळं आमच्याकडं चोऱ्या कमी आणि पाण्याची भांडणं जास्त. कुऱ्हाडी निघायच्या त्या पाण्यावरून. तात्यांची सारी नोकरी त्या कुऱ्हाडी पुन्हा कोपऱ्यात ठेवायला लावण्यात गेली.

त्यांची एक रीत होती. भांडणारे दोघं समोर आले की कागद काढायचे नाहीत. जिथं भांडण, तिथंच जमिनीवर फतकल घालून बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, आणि दोघांना सांगायचे, "आपापली बाजू कुनी सांगायची न्हाय. तू त्येची सांग, त्यो तुजी सांगल."

एकदा मी सुटीत घरी असताना असाच निवाडा पाहिला. एक आबा होते, त्यांच्या शेतातून पाण्याची चारी पुढं चाचांच्या लिंबाच्या बागेत जायची. चाचा म्हणजे मुसलमान बागाईतदार, बारामतीच्या बाजाराला लिंबं घालायचे. आबांनी चारी मातीनं बुजवली होती आणि चाचा फावडं घेऊन आले होते.

"जमादार, ह्येला इचारा," चाचा म्हणाले, "पानी काय ह्येच्या बानं खांदलेल्या हिरीचं हाय का? सरकारी हाय."

"आन् माती?" आबा ओरडले. "ती बी सरकारी व्हय? बांध माझा खचतुया आन् लिंबं ह्येची फुगत्यात!"

"झालं?" तात्या म्हणाले. "आता आबा, तुमी चाचांची बाजू सांगा. मला पटंल अशी सांगा."

आबांनी मुंडासं सारखं केलं. "चाचा म्हनतो, की बाग वाळाय लागलीया. उन्हाळा हाय. झाडं लेकरावानी वाढवली. आन् म्हनतो, की मी लई लबाड मानूस हाय."

"मी असं कवा म्हनलो?" चाचा.

"न्हाय, ते माझ्या पदरचं."

जमलेली माणसं हसली. मग चाचा बोलले. "आबाचं म्हननं असं, की चारीनं त्येचा बांध खचतोय. खरं हाय, खचतोय. पावसाळ्याआधी दगड लावून द्याया पायजेत. आन् आबाची बायकू रोज माझ्या बागंतली लिंबं वट्यात घालून नेती, ते आबा बोलत न्हाय."

"कवा नेली?"

"काल. पर्वा. लोनचं घातलंय, तुमी खाल्लं बी असंल."

 लोणचं खाल्लं होतं हे आबांच्या तोंडावर दिसत होतं.

तात्यांनी मग खिशातून पितळेची डबी काढली. तिच्यात जेजुरीचा भंडारा असायचा, आणि वेगळ्या पुडीत पिराच्या दर्ग्यातल्या ऊदाची राख. आमच्या भागात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर वंश बुडतो म्हणतात. आबांनी भंडारा कपाळाला लावला, चाचांनी ऊद लावला. एकानं चारी मोकळी करायची, दुसऱ्यानं बांधाला दगड लावायचे. आणि मग तात्यांनी तिसरी चिमूट स्वतः उचलली. हे ते दर वेळी करायचे.

घरी जाताना मी विचारलं, "तात्या, भांडण त्यांचं. तुम्ही कशाला भंडारा उचलता?"

"ती सरकारची चिमूट," ते म्हणाले. "दोघांनी शब्द पाळला तर सरकार मधी पडनार न्हाय, ह्यो सरकारचा शब्द."

"पण सरकार इथं कुठंय?"

तात्या हसले. "सरकार म्हंजे मीच की. ह्या गावांत दुसरं कोन आलंय कवा?"

मला ते पटलं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझा मामा पुण्यात छापखान्यात खिळे जुळवायचा, आणि येताना छपाईत वाया गेलेली पत्रकं बांधून आणायचा. शाळेच्या पुस्तकाआधी मी तीच वाचली. कसणाऱ्याला जमीन, मराठी माणसाला मराठी राज्य, कामगाराला भाकर. अर्धी वाक्यं शाईत बुडालेली असायची, ती मी मनानं पुरी करायची. बारामतीला मावशीकडं राहून सातवीच्या पुढं शिकत होते तेव्हा माझ्या दप्तरात भूगोलापेक्षा पत्रकं जास्त होती. सरकार म्हणजे कोण, हे मला तोंडपाठ होतं. सरकार म्हणजे ज्याच्या हातात काठी तो.

तात्या माझी पत्रकं हातात घेऊन ओठ हलवत वाचायचे, आणि परत द्यायचे. म्हणायचे, "तुझ्या मामाचं सरकार कागदावर असतं. माझं सायकलीवर."

आईला आमच्या दोघांच्या वादात रस नव्हता. तिचं भांडण डबीशी होतं. डबीचं झाकण सैल होतं. त्यामुळं तात्यांच्या सदऱ्याचा डाव्या बाजूचा खिसा कायमचा पिवळा. आई सोडा लावून घासायची, की हळद लाल व्हायची, आणि उन्हात वाळली की पुन्हा पिवळट. "सरकारनं कापड दिलंय का जेजुरीची झोळी?" ती म्हणायची. इंदापूरच्या आधी वडगाव निंबाळकरला असताना त्या डागावरून एका साहेबानं तात्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. तात्यांनी "व्हय साहेब" म्हटलं आणि डबी त्याच खिशात ठेवली.

त्या उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी लांबली. ऊस पिवळा पडला, कांदा जमिनीतच शिजला. एका वस्तीजवळ कुणीतरी कालव्याचा भराव फोडून पाणी शेतात घेतलं. पाणी सोडणारा पाटकरी अडवायला गेला, त्याच्या डोक्यात काठी बसली. डोकं फुटलं. एका विधवा बाईचा मुलगा त्या वेळी तिथं होता असं दोघांनी सांगितलं. मुलगा नुकता लग्न झालेला. तो उसात जाऊन लपला. त्यानं काठी मारली होती की नव्हती, मला अजून माहीत नाही. तात्यांनाही माहीत नव्हतं. विचारल्यावर ते म्हणायचे, "ते ठरवायला कोर्ट हाय."

मोठ्या ठाण्याचे फौजदार जीप घेऊन आले. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तुमच्याजवळच्या ठाण्याचं नाव घातलंत तरी गोष्ट बदलणार नाही. फौजदार म्हणाले, पोरगा सापडत नसेल तर म्हातारीला आणि सुनेला उचलतो, मग येईल आपल्या पायानं. तात्यांनी हात जोडले. म्हणाले, बायांना हात लावू नका, मी आणून देतो.

मी परीक्षा देऊन त्याच दिवशी बारामतीहून आले. डाळजच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तर तात्या सायकल घेऊन उभे. माझी ट्रंक मागं बांधली आणि मला पुढं दांडीवर बसवलं. मी आता मोठी झाले, लोक बघतात, म्हणून मी कुरकुर केली. तात्या म्हणाले, "बघू दे. जमादाराची लेक हाय, चोराची न्हाय." घरी जायच्या आधी त्यांनी सायकल त्या वस्तीकडं वळवली.

म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आक्का," तात्या म्हणाले, "पोराला घिऊन या चौकीवर."

"मला ठावं न्हाय कुठं हाय त्यो."

"मला ठावं हाय. भाकरी घिऊन तुमी कुठं जाता ते समदा गाव बघतोय. फौजदार बगाय लागला तर उसाला आग लावंल."

म्हातारीनं शेंग फोडायची थांबवली. "आन् आणला तर? मारतील की त्येला."

"न्हाय मारनार. जबाब घेत्याल, कोर्टात उभा करत्याल, जामीन हुईल. त्येच्या अंगाला कुनी हात लावनार न्हाय. मी हाय न्हवं?"

"तुमी हाय. पर फौजदार सरकारचा मानूस."

तात्यांनी डबी काढली. चिमूट उचलली, कपाळाला लावली. "आक्का, मी बारा वर्सं ह्या गावांत हाय. सरकार म्हंजे मीच की. ह्यो सरकारचा भंडारा. पोरगं धडधाकट तुमच्या पदरात घालीन."

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं. नुसत्या चिमटीकडं नाही, कपाळाला लागलेल्या पिवळ्या पट्ट्याकडं. मग ती उठली आणि घरातून तांब्या आणला. आधी मला पाणी दिलं, मग तात्यांना. तात्यांनी ते उभ्यानं प्यायलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलाला घेऊन आली. आम्ही चौकीच्या मागच्याच खोलीत राहायचो. मुलगा लाजरा वाटला. अंगाला उसाच्या पानांचे ओरखडे होते, तेवढेच. माझ्या आईनं त्याला चहा दिला. तो बशीत ओतून पीत असतानाच जीप आली. फौजदार म्हणाले, इथं जबाब नको, ठाण्यावर घेऊ. तात्या म्हणाले, "मी संगं येतो, साहेब." फौजदार म्हणाले, "चौकी कोण सांभाळणार, तुझी बायको?" जीपमधले शिपाई हसले. तात्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला मागं बसवलं, आणि खाली उतरले.

म्हातारी चौकीपुढच्या कडुलिंबाखाली बसली. फडक्यात भाकरी होती, मुलगा परत येईल तेव्हा खायला. आईनं तिला आत बोलावलं, ती आली नाही. दुपार कलली तसे तात्या सायकलीवर बसून ठाण्याकडं गेले. दिवेलागणीला परत आले. ठाण्यात त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. उद्या या, म्हणाले.

सकाळी मुलगा आला. बैलगाडीतून. अंगावर चादर होती.

धावत्या जीपमधून पळून जाताना पडला, असं सांगण्यात आलं. मी चादर सरकलेली पाहिली. जीपमधून पडल्यावर तळपायांवर वळ उठत नाहीत. इतकंच लिहिते. याहून जास्त लिहिलं तर लोक मुलीचं मन हळवं म्हणतील.

म्हातारी रडली नाही. ती तात्यांपुढं येऊन उभी राहिली.

"जमादार, परवा तुमीच म्हनला. सरकार म्हंजे मी."

तात्यांनी टोपी काढली.

"मंग माझं पोर कुनी मारलं?"

मला वाटलं, तात्या काहीतरी म्हणतील. मी नव्हतो, मला आत सोडलं नाही, फौजदारानं केलं. सगळं खरं होतं. त्यातलं एक अक्षर त्यांनी उच्चारलं नाही.

"ती डबी द्या हिकडं," म्हातारी म्हणाली.

तात्यांनी डबी दिली. तिनं ती उघडली आणि सगळा भंडारा मुलाच्या कपाळावर, केसांत, छातीवर ओतला. रिकामी डबी तात्यांच्या हातात ठेवली. गाडी हलली. आमच्यापैकी कुणालाही तिनं बरोबर या म्हटलं नाही. तात्या तरी गेले. लांबून, सायकल हातात धरून.

चौकशी झाली. प्रांतसाहेब आले. ठाण्यातल्या सगळ्यांचे जबाब एकाच सुरात होते, पोरगा पळाला आणि पडला. तात्यांनाही त्याच मजकुराखाली सही करायला सांगितलं होतं. नाहीतर बाहीवरच्या पट्ट्या जातील, असं आडून कळवलं होतं. आई त्या दिवशी देवापुढं बसून होती. सही केली काय आणि न केली काय, पोरगं परत येणार नाही, असं ती मला म्हणाली. तिला माझी शाळा दिसत होती.

प्रांतसाहेबांनी विचारलं, "जमादार, तुमची बाजू सांगा."

तात्यांनी टोपी काढून हातात धरली आणि म्हातारीची बाजू सांगितली. मी खिडकीबाहेर होते, सगळं ऐकलं. तिचा नवरा कालव्याच्या खोदकामावर कसा मेला, मुलगा कसा वाढवला, जमादारानं दारात येऊन काय शब्द दिला, त्या शब्दावर तिनं लपलेलं पोर स्वतःच्या हातानं आणून दिलं, आणि दिलं तेव्हा त्याच्या अंगावर उसाच्या ओरखड्यांशिवाय काही नव्हतं. जीपमधून पडलेल्या माणसाच्या तळपायाला वळ नसतात, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "साहेब, भरवसा देऊन मारलंय. हे तिचं म्हननं हाय, आन् मला पटलंय."

प्रांतसाहेब म्हणाले, "मी तुमची बाजू विचारली."

"मला न्हाय बाजू," तात्या म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात काही अनपेक्षित नाही. फौजदाराची बदली झाली, तीही चांगल्या जागी. पाटकऱ्याचं डोकं बरं झालं. तात्यांच्या बाहीवरच्या पट्ट्या उतरवल्या, आणि काही महिन्यांनी शिस्त मोडल्याचं कलम लावून त्यांना काढलं. सरकारी कपडे जमा करायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. घेणाऱ्या कारकुनानं सदरा उलटासुलटा केला आणि म्हणाला, "खिशाला डाग हाय." तात्या म्हणाले, "हाय."

ठाण्यातल्यांच्या लेखी तात्या घरभेदी. गावाच्या लेखी ते फसवून पोर नेणारे. दोन्हीकडची माणसं त्यांना पाहून रस्ता बदलायची. नोकरी जायच्या आधीची एक गोष्ट राहिली. आबा आणि चाचांचं पुन्हा पेटलं. बांधाचे दगड कुणीतरी उपसले होते आणि चारी बुजली होती. तात्या बिनपट्ट्यांच्या, साध्या शिपायाच्या कपड्यांत मला घेऊन तिथं गेले, जमिनीवर बसले, म्हणाले, "आबा, तुमी चाचांची बाजू सांगा."

आबा उभेच राहिले. "बाजू कसली सांगायची? तुमी कुनाची बाजू घेनार, जीपवाल्यांचीच न्हवं?"

तात्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचा खाली बघत होते. त्यांना तात्यांची कीव आली होती, ते मला जास्त लागलं. ते म्हणाले, "जमादार, डबी रिकामी हाय. समद्यांना ठावं हाय. तुमी घरी जा."

तात्या घरी आले. चार दिवसांत चाचांची लिंबाची बाग कुणीतरी बुडातून तोडली. हिरवी लिंबं मातीत पडली होती, माणसं ती तुडवत बघायला येत होती. चाचांनी जमीन विकली आणि बारामतीत फळांची गादी टाकली. आबांच्या शेतातली चारी आता कायमची बुजली. त्या वाटेनं कुणाला पाणी न्यायचंच नाही.

आम्हीही बारामतीत मावशीच्या शेजारी खोली घेतली. आई कऱ्हाटीला माहेरी जाऊन दाणे आणायची, मी लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. आणि तात्या काय करायचे, ते सांगण्यासाठीच मी हे सगळं लिहिलं.

अमक्या गावच्या माणसाला ठाण्यावर बोलावलं, असं कानावर आलं की तात्या सायकल काढायचे. ठाण्यासमोर जाऊन बसायचे. कुणाशी बोलायचे नाहीत, काही मागायचे नाहीत. आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत बसून राहायचे. ओळखीचा असो, नसो. आई म्हणायची, "आता तुमी सरकार न्हाय. कशाला जाता?" ते म्हणायचे, "तवा बी नव्हतो."

मी एकदा बरोबर गेले होते. त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक शिपाई बाहेर आला. "जमादार, उठा. साहेब वरडतोय." तात्या उठले नाहीत. दुसऱ्यांदा आला तेव्हा "जमादार" म्हणाला नाही. त्यानं दंडाला धरून तात्यांना उठवलं आणि रस्त्याच्या पलीकडं नेऊन सोडलं. जोर लावला नाही. लावावा लागला नाही. तात्या पलीकडच्या उन्हात बसले. आत कोण होता, त्याचं काय झालं, आम्हाला कळलं नाही, कारण त्याला मागच्या दारानं नेलं.

त्यांच्या बसण्यानं कुणी वाचला असं मी म्हणणार नाही. पत्रकात मी तसं लिहिलं असतं. इथं लिहिणार नाही. असंच एका चैत्रात दिवसभर बसून आले आणि तापानं पडले. उठले नाहीत. त्यांच्या मातीला आमच्या घरची माणसं होती आणि चाचा होते. म्हातारी आली नाही. तिनं का यावं?

तात्यांचं एक चुकलं असं मला वाटतं. त्यांना वाटलं, चांगला माणूस सरकारात असला की सरकार चांगलं. एका माणसाच्या कपाळावर भंडारा होता म्हणून साऱ्या वस्तीनं तेच मानलं. मामाच्या पत्रकांतही तेच होतं, फक्त माणूस वेगळा. आता माझा कुणाच्या चिमटीवर विश्वास नाही, पत्रकांवरही फारसा उरला नाही. पण त्या रस्त्यावर मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. एक माणूस बसला की त्याला दंडाला धरून उठवता येतं.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. तुमच्या गावातल्या, आळीतल्या कुणालाही ठाण्यावर बोलावलं, तर कितीही चांगल्या माणसानं शब्द दिला तरी त्याला एकटं पाठवू नका. तो दोषी आहे की नाही, हे दारात ठरवत बसू नका. हातातलं काम टाका, शेजाऱ्याला उठवा, बायाबापड्यांना बरोबर घ्या, आणि सगळे मिळून ठाण्यासमोर जाऊन बसा. चार जणांना मागच्या दाराशी बसवा. आणि तो आपल्या पायांनी बाहेर येईपर्यंत उठू नका.